बगॅसची राख आणि तुसाची राख: काँक्रीटमध्ये कुठली, किती आणि कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यात पेव्हर ब्लॉकचं छोटं युनिट आहे. शेजारच्या साखर कारखान्याची बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख जवळजवळ फुकट मिळते. गोंदियाकडचा एक व्यापारी तुसाची, म्हणजे धानाच्या टरफलाची, राख गोण्या भरून पाठवायला तयार आहे. दुकानातून आणलेल्या सिमेंटमध्ये यातली कुठली राख किती टक्के मिसळावी, ताकद वाढेल की घटेल, आणि हीच राख घराच्या स्लॅबमध्ये चालेल का?

दोन्ही राखा चालतात. पण टक्केवारी विचारण्याआधी तुमच्याकडे येणाऱ्या सिमेंटच्या गोणीवर काय छापलंय ते वाचा. आपल्याकडे दुकानात सर्रास मिळतं ते पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट. त्यात कंपनीनेच १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची बारीक राख, घातलेली असते. त्यावर तुम्ही आणखी १०-१५ टक्के राख घातलीत तर मिश्रणात राखच राख होते आणि तिच्याशी अभिक्रिया करायला चुना पुरत नाही. ‘आम्ही राख घालून बघितली, ब्लॉक भुसभुशीत झाले’ अशा ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. राख वापरायची असेल तर ओपीसी, म्हणजे राख न घातलेलं साधं सिमेंट, ५३ ग्रेडचं घ्या. पीपीसीच वापरायचं असेल तर राखेचा विचार सोडून द्या. पुढचं सगळं ओपीसी गृहीत धरून लिहितो आहे.

आता राख काँक्रीटमध्ये नेमकं काय करते ते समजून घेऊ, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच घ्यायचे आहेत. सिमेंटमध्ये पाणी पडलं की दोन गोष्टी तयार होतात. एक सी-एस-एच नावाचा चिकट जेल, जो खडी-वाळूला धरून ठेवतो आणि ज्याच्यामुळे काँक्रीटला ताकद येते. दुसरं म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना. हा चुना ताकदीत फारशी भर घालत नाही. उलट तो पाण्यात हळूहळू विरघळून बाहेर येतो आणि ब्लॉकवर पांढरे डाग पडतात. राखेतली सिलिका या चुन्याला पकडते आणि त्यातून पुन्हा सी-एस-एच बनवते. जुन्या वाड्यांच्या बांधकामात चुन्याच्या घाणीत विटांची सुरखी घालत, त्यामागचं रसायनही हेच. म्हणजे ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही, फक्त सुरखीच्या जागी राख आली आहे.

मात्र सिलिका चुन्याला पकडणार कधी? ती काचेसारखी, अस्फटिक अवस्थेत असेल तेव्हाच. वाळूसुद्धा सिलिकाच असते, पण ती स्फटिकरूप असल्यामुळे नेहमीच्या तापमानाला चुन्याकडे ढुंकूनही बघत नाही. राखेतली सिलिका काचेसारखी राहिली की वाळूसारखी झाली, हे ती कुठे, किती तापमानाला आणि किती वेळ जळली यावर ठरतं. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: राखेचा दर्जा बॉयलरमध्ये ठरतो. तुम्ही तिला नंतर चाळून, दळून सुधारू शकता. पण बॉयलरने बिघडवलेली राख मिक्सरमध्ये दुरुस्त होत नाही.

तुसाच्या राखेत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. १,००० किलो धान भरडलं तर साधारण २०० किलो तूस निघतं आणि ते जाळलं की ४० किलोच्या आसपास राख उरते. या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. शेतमालाच्या दुसऱ्या कुठल्याही राखेत एवढी सिलिका सहसा मिळत नाही. भाताचं रोप ती जमिनीतून शोषून तुसाच्या पापुद्र्यात साठवतं. तूस साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सियसला, भरपूर हवेत जळलं तर ही सिलिका अस्फटिक राहते. तापमान ८०० च्या वर जाऊन तिथे बराच वेळ राहिलं तर तिचं क्रिस्टोबॅलाइट होऊ लागतं, म्हणजे वाळूचाच एक भाऊ. तापमान कमी पडलं किंवा हवा अपुरी मिळाली तर कार्बन शिल्लक राहतो आणि राख काळी निघते. म्हणजे दोन्ही बाजूंनी धोका आहे आणि मधला पट्टा अरुंद आहे.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भारतीय वंशाचे प्राध्यापक पी. के. मेहता यांनी १९७० च्या दशकात हा पट्टा दाखवून दिला. तुसाची राख हा काँक्रीटमध्ये गांभीर्याने घेण्यासारखा पदार्थ आहे, हे जगाला त्यांच्या कामामुळे पटलं. आपल्याकडे आयआयटी कानपूरचे पी. सी. कपूर यांनी ‘ट्यूब-इन-बास्केट’ नावाची साधी भट्टी तयार केली: जाळीची टोपली, तिच्या मधोमध हवा खेळवणारं जाळीचं नळकांडं, आणि दोन्हींच्या मध्ये तूस. हवा दोन्ही बाजूंनी मिळते, थर पातळ राहतो, त्यामुळे आतला भाग फार तापत नाही. याउलट नुसता ढीग पेटवून दिला तर ढिगाच्या पोटात तापमान भलतंच चढतं आणि कडेला अर्धवट जळालेलं काळं तूस उरतं. एकाच ढिगात दोन्ही प्रकारची वाईट राख तयार होते.

काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ : २००० मध्ये, तुसाच्या राखेचा उल्लेख नावानिशी आहे, हे बऱ्याच इंजिनिअरांना आठवत नाही. फ्लाय ॲश, सिलिका फ्यूम (सिलिकेची अतिशय बारीक पूड), मेटाकेओलिन (भाजलेली चिनी माती) यांच्या पंगतीत तिला बसवलेलं आहे. पण तिथेच टीप आहे की प्रत्येक ठिकाणची राख स्वतंत्रपणे तपासून घ्यावी, कारण नीट नसलेली राख काँक्रीटमध्ये गाळाइतकीच घातक ठरू शकते, आणि पाण्याची मागणी व आकसण्याचं प्रमाणही आधी बघावं. ही टीप छापून भिंतीवर लावण्यासारखी आहे. बगॅसच्या राखेचं नाव मात्र त्या यादीत नाही. त्याचा परिणाम काय, ते शेवटी स्लॅबच्या प्रश्नात येईल.

आता तुमच्या दाराशी असलेली राख. एक टन ऊस गाळला की त्यातल्या बगॅसपासून शेवटी साधारण सहा किलो राख उरते. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना म्हणजे रोज ३० टनांच्या आसपास राख. महाराष्ट्रात चांगल्या हंगामात दहा कोटी टनांहून जास्त ऊस गाळला जातो, म्हणजे हिशोब सहा लाख टनांच्या घरात जातो. यातली बरीचशी राख आज खड्ड्यात, पडीक जागेत किंवा प्रेसमडच्या (रस गाळून उरलेल्या गाळाच्या) खतात जाते. वाऱ्यावर उडून शेजारच्या पिकांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते ती वेगळीच. ती उपयोगी लागावी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच घाईने वापरून ती बदनाम होऊ नये असंही वाटतं.

बगॅसच्या राखेत सिलिका साधारण ६० ते ७५ टक्के असते. पण त्या आकड्यावर जाऊ नका. त्यातली काही सिलिका उसाची असते आणि काही फडातल्या मातीची. उसाबरोबर जी माती गव्हाणीत येते, तिच्यातली वाळू बॉयलरमधून जशीच्या तशी बाहेर पडते. रासायनिक रिपोर्टमध्ये दोन्ही ‘सिलिका’ म्हणूनच दिसतात. यंत्राने तोडलेल्या उसाबरोबर माती जास्त येते, पावसात भिजलेल्या फडातून आणखी जास्त. म्हणून नुसता सिलिकेचा टक्का सांगणारा रिपोर्ट मी निर्णयासाठी पुरेसा मानत नाही.

कारखान्यात राख एका जागी मिळत नाही. तुम्ही कुठली उचलता यावर अर्धं काम अवलंबून आहे. बॉयलरच्या जाळीखाली पडते ती जाड राख: खडे, वितळून गोळा झालेली ढेकळं, वाळू. ती सिमेंटच्या जागी अजिबात घेऊ नका. धुराबरोबर वर जाते ती बारीक राख उपयोगाची. ती दोन प्रकारे पकडतात. सहवीज प्रकल्प (बगॅस जाळून वीज करणारा) असलेल्या कारखान्यांत बहुधा ईएसपी असतो, म्हणजे विजेच्या भाराने धुरातली राख ओढून घेणारं यंत्र. त्याच्या हॉपरमधून (राख साठणाऱ्या नरसाळ्यातून) कोरडी, बारीक राख मिळते. ती मिळत असेल तर तीच मागा. जुन्या कारखान्यांत वेट स्क्रबर असतो, म्हणजे धुरावर पाणी मारून राख खाली पाडतात आणि ती चिखल होऊन बाहेर येते. ही राख वाईट नसते. पाण्यामुळे तिच्यातले विरघळणारे क्षार काही प्रमाणात धुऊनही जातात. पण ती वाळवायला जागा, ऊन आणि मजुरी लागते. शिवाय यार्डात तिच्यावर प्रेसमडची ट्रॉली ओतलेली असेल तर ती सोडूनच द्या. प्रेसमडमधले सेंद्रिय पदार्थ आणि उरलीसुरली साखर सिमेंटचं सेटिंग लांबवतात. साखर अगदी थोडी असली तरी काँक्रीट दोन-दोन दिवस ओलं राहू शकतं.

आणखी एक राख आहे, तिच्यापासून सावध राहा. आसवनीचा (अल्कोहोल कारखान्याचा) स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, आटवून जिथे बॉयलरमध्ये जाळतात, तिथली राख पोटॅशने भरलेली असते. ती खतासाठी उत्तम आहे आणि खत म्हणून विकलीही जाते. काँक्रीटमध्ये मात्र तिचे क्षार, क्लोराइड आणि सल्फेट त्रासच देतात. दिसायला ती करडी, बारीक, छान असते आणि ‘कारखान्याचीच राख’ म्हणून ट्रॉलीत येऊ शकते. म्हणून कारखान्याशी बोलताना ‘राख’ एवढंच म्हणू नका. कुठल्या बॉयलरची, कुठल्या हॉपरची, हे लिहून घ्या. हंगाम संपल्यावर काही सहवीज प्रकल्प कोळसा किंवा इतर काडीकचरा जाळतात, तेव्हा त्याच हॉपरमधून वेगळीच राख येते. हंगामाच्या पहिल्या काही दिवसांत बॉयलर अजून स्थिर झालेला नसतो; तेव्हाच्या राखेत न जळलेलं बगॅस जास्त असतं. तीही टाळलेली बरी.

राख आली की लॅबमध्ये पाठवण्याआधी एक परीक्षा दारातच करता येते, आणि ती मी आवर्जून करायला सांगतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या बादलीत पाणी घ्या, त्यात दोन मुठी राख टाका, काठीने ढवळा आणि दहा मिनिटं शांत ठेवा. वर जो काळा तवंग येतो ते न जळलेलं बगॅस. चिमटीत धरून बघितलंत तर लांबट, पोकळ धागे दिसतील, उसाच्या चिपाडाचीच रचना राहिलेली. तळाशी लगेच जे बसतं ते वाळू आणि खडे. ते बोटांमध्ये चोळलं की करकरतं. मधे जे गढूळ करडं पाणी बराच वेळ तरंगत राहतं, त्यातला बारीक भाग आपल्या कामाचा. हात घालून हलवत राहिलात की कुठल्या ट्रॉलीत काय किती आहे याचा अंदाज काही दिवसांत येतो. रंगावर मात्र फार विसंबू नका. काळी राख म्हणजे कार्बन जास्त, एवढं खरं. पण पांढरी किंवा गुलाबीसर राख म्हणजे उत्तम, हे खरं नाही. तुसाची राख जास्त तापून स्फटिक झाली तरी पांढरीशुभ्रच दिसते.

हे काळे धागे काढणं हे बगॅसच्या राखेवरचं सगळ्यात फायद्याचं काम. आयआयटी मद्रासमध्ये ए. बहुरुदीन आणि मनू संथानम यांनी याचा नीट अभ्यास केला आहे. जाळणं, दळणं, चाळणं अशा वेगवेगळ्या पद्धती त्यांनी ताडून पाहिल्या. न जळलेले धागे आकाराने मोठे असतात, त्यामुळे ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर ते वर राहतात. खाली पडलेली राख सिमेंटइतकी बारीक दळली, म्हणजे किलोला साधारण ३०० चौरस मीटर पृष्ठभाग होईपर्यंत, की तिची अभिक्रियाशीलता चांगली येते. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी चाळणं, मग दळणं. चाळायच्या आधीच दळलंत तर कार्बनची पूड होते आणि ती राखेत कायमची मिसळून जाते. राख पुन्हा भट्टीत ६००-७०० अंशाला जाळून कार्बन घालवा, असं काही शोधनिबंधांत वाचायला मिळतं. प्रयोगशाळेत ते जमतं. ब्लॉकच्या युनिटला ते परवडणार नाही, चाळणीच बरी.

कार्बनचं एवढं का मनावर घ्यायचं? कारण तो पाणी पितो आणि महागडं ॲडमिक्स्चरही, म्हणजे मिश्रणात घालायचं रसायनही, पितो. सुपरप्लास्टिसायझरचे (पाणी न वाढवता मिश्रण पातळ करणाऱ्या ॲडमिक्स्चरचे) रेणू सिमेंटच्या कणांवर बसायच्या ऐवजी कार्बनवर बसतात. मग मिश्रण कोरडं वाटतं, मिक्सरवरचा माणूस पाण्याचा मग ओततो, आणि राखेने जी ताकद मिळवून द्यायची ती त्या पाण्यानेच जाते.

लॅबमध्ये तीन गोष्टी मागा. पहिली, लॉस ऑन इग्निशन, म्हणजे राख तापवल्यावर वजनात किती घट येते. फ्लाय ॲशसाठीच्या आयएस ३८१२ मध्ये ही मर्यादा ५ टक्के आहे. बगॅसच्या राखेसाठी तिथे वेगळा नियम नाही, पण मोजपट्टी म्हणून तीच धरावी. कच्च्या बगॅस राखेत ही घट १० टक्क्यांच्या वरही जाते. चाळल्यावर ती किती खाली येते तेच बघायचं आहे. दुसरी, लाइम रिॲक्टिव्हिटी. यात सिमेंट नसतंच. राख, चुना आणि वाळू यांचे ५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे घनाकृती ठोकळे, करतात, दोन दिवस नेहमीच्या तापमानाला आणि पुढे आठ दिवस ५० अंशाला दमट ठेवून, ताकद बघायला दाबून फोडतात. ४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हा फ्लाय ॲशचा किमान आकडा. राखेतली सिलिका जिवंत आहे की वाळूसारखी निर्जीव, हे ही चाचणी दहा दिवसांत सांगते. म्हणून माझ्या मते पैसे एकाच चाचणीला असतील तर ते हिच्यावरच खर्च करा. तिसरी, क्लोराइड, सल्फेट आणि अल्कली. बगॅसच्या राखेत पोटॅश काही टक्के असतंच. ते जास्त असेल तर ब्लॉकवर पांढरा थर येतो, आणि खडीत अल्कलीशी भिडणारे घटक असतील तर दूरच्या काळात तडेही. एक्सआरडी चाचणी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघणारी) करता आली तर सिलिकेची अवस्था थेट दिसते. बऱ्याच विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत ते यंत्र असतं, पण रोजच्या कामाला त्याची गरज नाही.

आता टक्केवारी. दळलेली, चाळलेली बगॅसची राख सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांपासून, तेवढं सिमेंट कमी करून, सुरू करा. प्रयोगशाळेत २० टक्क्यांच्या आसपासही चांगले निकाल आले आहेत, पण तिथली राख एकाच ठिकाणची, काळजीने तयार केलेली असते. तुमच्याकडे रोजची ट्रॉली वेगळी. १० वर हंगामभर निकाल स्थिर राहिले तर १५ चा विचार करा. चांगली, अस्फटिक, बारीक दळलेली तुसाची राख असेल तर तीही साधारण १० टक्केच. पण ती वागते वेगळी. तिचा कण आतून स्पंजासारखा सच्छिद्र असतो, त्यामुळे ती पाणी फार ओढते आणि सुपरप्लास्टिसायझरशिवाय ती वापरताच येत नाही. बदल्यात ती देतेही जास्त: २८ दिवसांची ताकद साध्या काँक्रीटच्या वर जाऊ शकते आणि क्लोराइड आत शिरण्याचा वेग बराच घटतो. कोकण किनाऱ्यावर, खाऱ्या हवेत, जिथे सळई गंजून स्लॅबचे पापुद्रे सुटतात, तिथे या गुणाची खरी किंमत आहे.

मिक्स बदलताना एक हिशोब बरेच जण विसरतात. सिमेंटचं विशिष्ट गुरुत्व ३.१५, राखेचं २.१ च्या आसपास. समजा घनमीटरला ४०० किलो सिमेंट आहे आणि त्यातलं ४० किलो काढून ४० किलो राख घातली. काढलेल्या सिमेंटने १२.७ लिटर जागा व्यापली होती, घातलेल्या राखेने १९ लिटर व्यापली. म्हणजे सव्वासहा लिटर जास्त. तेवढी वाळू किंवा क्रश सँड कमी करायला हवी, साधारण १७ किलो. ती कमी केली नाही तर मिश्रणात बारीक माल वाढतो, ते चिकट होतं आणि पुन्हा पाण्याची मागणी येते. पाणी मोजताना सिमेंट आणि राख मिळून जे वजन होतं त्याच्याशी गुणोत्तर धरा आणि ते हलवू नका. मिश्रण कोरडं वाटलं तर ॲडमिक्स्चर वाढवा, पाणी नाही.

चाचणीसाठी ०, ५, १० आणि १५ टक्के असे चार मिक्स करा. सगळ्यांत पाण्याचं गुणोत्तर एकच ठेवा. ३, ७, २८ आणि ५६ दिवसांना क्यूब फोडा. बगॅसच्या राखेचे ३ आणि ७ दिवसांचे आकडे साध्या मिक्सपेक्षा खाली दिसतील. तिथे घाबरून सोडून देऊ नका आणि तिथेच समाधानही मानू नका. निर्णय २८ दिवसांवर घ्या, आणि ५६ दिवसांचा आकडा राखेने आपलं काम केलं की नाही ते सांगेल. तुमच्या धंद्याला मात्र पहिल्या दिवसाची ताकदही लागते, कारण रबर मोल्डमधून ब्लॉक दुसऱ्या दिवशी काढावे लागतात. गाळप हंगाम म्हणजे थंडीचे दिवस. ताजी राख भरपूर मिळते नेमकी तेव्हाच सेटिंग सगळ्यात मंद असतं. डिसेंबर-जानेवारीत १० टक्क्यांना ब्लॉकचे कोपरे तुटत असतील तर त्या दोन महिन्यांत ५ वर या, किंवा ब्लॉक मोल्डमध्ये काही तास जास्त ठेवता येतील एवढे मोल्ड वाढवा.

क्युरिंगला पर्याय नाही. राखेची अभिक्रिया सिमेंटच्या मागून, सावकाश चालते आणि तिला ओल लागते. आयएस ४५६ नुसार मिनरल ॲडमिक्स्चर (राखेसारखी खनिज पूड) असलेल्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी द्यायचं, कोरड्या आणि गरम हवेत १४ दिवस. जे युनिट तीन दिवस पाणी मारून ब्लॉक ट्रकमध्ये भरतं, त्याने राखेच्या वाटेला जाऊ नये. तिथे राख म्हणजे नुसती भर, आणि काँक्रीट सच्छिद्र राहिल्यामुळे ब्लॉकचं पाणी शोषणं वाढतं. पेव्हर ब्लॉकच्या आयएस १५६५८ मध्ये पाणी शोषण्याची सरासरी मर्यादा ६ टक्के आहे. राखेच्या ब्लॉकची ही चाचणी ताकदीइतकीच मनापासून करा. हलक्या वाहतुकीला एम-३५, मध्यम वाहतुकीला एम-४० असे ताकदीचे ग्रेड आहेत. सुरुवात पायवाटेच्या आणि अंगणाच्या ब्लॉकपासून करा, पेट्रोल पंपापासून नको. रंगीत ब्लॉकचा वरचा थर राखेशिवायच ठेवा. बगॅसच्या राखेने लाल रंग मळकट होतो आणि पिवळा तर पार मरतो.

दळण्याची सोय नसेल तर एक मधला मार्ग आहे. चाळलेली राख सिमेंटच्या जागी न घालता वाळूतल्या बारीक भागाच्या जागी थोडी घालायची. सिमेंट वाचत नाही, पण भिंतीच्या ब्लॉकमध्ये पोकळी भरते, कडा स्वच्छ निघतात आणि ताकदीचा धोका पत्करावा लागत नाही. बऱ्याच छोट्या युनिटला हेच योग्य असतं.

पैशाचं गणित. १० टक्क्यांत घनमीटरमागे ४० किलो सिमेंट वाचतं, म्हणजे एक गोणीही नाही. त्यातून राख वाळवणं, चाळणं, दळणं, वाहतूक आणि वाढीव ॲडमिक्स्चर वजा करा. मोठ्या सिमेंट कारखान्यात टनाला ३० ते ४० युनिट वीज दळण्यावर जाते. छोट्या बॉल मिलला त्याहून जास्त लागेल. म्हणून तुमच्या एकट्याच्या युनिटसाठी बॉल मिल घेऊ नका. चार-पाच ब्लॉकवाल्यांनी मिळून, कारखान्याच्या आवारात किंवा लगत, एक मिल लावली तर गणित बसायला लागतं. राख हलकी असते, ट्रक भरतो पण वजन भरत नाही. त्यामुळे ती लांब नेण्यात अर्थ नसतो.

इथेच बगॅस आणि तूस यांच्या वाटा वेगळ्या होतात. बगॅसच्या राखेची स्पर्धा फ्लाय ॲशशी आहे. जिथे औष्णिक वीज केंद्र जवळ आहे, म्हणजे चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ, अगदी सोलापूरचा एनटीपीसीचा प्रकल्पही, तिथे बारीक, कोरडी फ्लाय ॲश टँकरने मिळते आणि बगॅसची राख दळण्याचा खटाटोप कोणी करणार नाही, करूही नये. पण सांगली-कोल्हापूर-सातारा या पट्ट्यात असं केंद्र नाही आणि साखर कारखाने मात्र तालुक्या-तालुक्याला आहेत. फ्लाय ॲशच्या वाहतुकीचा खर्च हीच तिथे तुमच्या राखेची संधी. तुसाची राख गोंदियात फ्लाय ॲश म्हणून विकायला गेलात तर टिकणार नाही, कारण त्याच जिल्ह्यात तिरोड्याला मोठं औष्णिक केंद्र आहे. ती विकायची असेल तर सिलिका फ्यूमच्या जागी विकावी लागेल. सिलिका फ्यूम महाग असतो आणि जास्त ताकदीच्या काँक्रीटला लागतोच. पण त्या पातळीवर जायचं तर बॉयलरमधल्या तापमानावर नियंत्रण हवं, आणि उकड्या तांदळाच्या गिरणीचा बॉयलर वाफेसाठी चालवलेला असतो, राखेसाठी नाही. म्हणून तुम्हाला राख पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला तीनच गोष्टी विचारा: लॉस ऑन इग्निशन किती, लाइम रिॲक्टिव्हिटी किती, आणि मागच्या सहा महिन्यांचे रिपोर्ट आहेत का. रिपोर्ट नसतील तर ती काळी राख सांगलीपर्यंत आणण्याचं भाडं वाया जाईल. शेजारची बगॅसची राखच तुमच्यासाठी बरी.

स्लॅबचा प्रश्न. घराच्या स्लॅब, बीम, कॉलममध्ये कारखान्यावरून आणलेली राख साइटवर फावड्याने मिसळू नका. बगॅसच्या राखेला आयएस ४५६ मध्ये नावाने जागा नाही, आणि तुसाच्या राखेलाही संमतीची व चाचण्यांची अट आहे. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. न तपासलेल्या राखेतून त्यात किती भर पडेल याची खात्री कोणी देणार नाही. राख चुन्याचा साठा खर्च करते, त्यामुळे क्युरिंग कमी पडलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड सळईपर्यंत लवकर पोचतो आणि ती गंजू लागते. घराला राखेचा फायदा हवाच असेल तर चांगल्या कंपनीचं पीपीसी घ्या, कारखान्यात नीट दळलेली, तपासलेली राख त्यात आधीच आहे.

शेवटी कामगारांची गोष्ट, जी या विषयावरच्या लिखाणात फार क्वचित येते. राख चाळताना उडणारी धूळ छातीत जाते. स्फटिकरूप सिलिकेच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. जास्त तापलेल्या तुसाच्या राखेतलं क्रिस्टोबॅलाइट या बाबतीत विशेष वाईट. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. एन-९५ मास्क द्या आणि तो रोज वापरला जातोय हे बघा. चाळणी बंद पेटीत बसवा, चाळणीच्या खालून धूळ ओढून घेणारा पंखा आणि पिशवीचा फिल्टर लावा, राखेचा ढीग ताडपत्रीखाली ठेवा आणि उपसायच्या आधी त्यावर पाण्याचा हलका फवारा मारा. त्या ओलाव्याचं वजन मिक्सच्या पाण्यातून वजा करायचं, एवढं मिक्सरवरच्या माणसाला लिहून द्या.